वादळात भाडेकरूच्या सामानाचं नुकसान झालं तर भरपाई कोणाकडे मागायची?

ऋतुगंध:
नमस्कार मंडळी. मावसबहिणीसाठी विचारतेय, ती इथे सदस्य नाही. ती आणि तिचा नवरा एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर लिव्ह अँड लायसन्सवर राहतात, खाली घरमालक. गेल्या आठवड्यातल्या वादळात गच्चीवरच्या शेडचे पत्रे उडाले, त्यातला एक खिडकीवर आपटून खिडकी चौकटीसकट आत आली आणि मग रात्रभर पाऊस घरात. गादी, कपाटातले कपडे, नवऱ्याचा लॅपटॉप, तिचं शिलाई मशीन सगळं भिजलं. मशीनचं जास्त वाईट वाटतं कारण ती त्यावर ब्लाउज शिवून देते, चार पैसे त्यातून येतात.

मालक तसे भले आहेत, पण म्हणतात की घराचा विमा आहे त्यातून खिडकी आणि शेड होईल, तुमच्या सामानाशी माझा काय संबंध, वादळ काय मी आणलं का. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक, पण ओल आलेल्या भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार म्हणतात!

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्यात. मालकाच्या विम्यातून भाडेकरूच्या सामानाचं काही मिळतं का? मिळत नसेल तर मालकाकडे मागता येतं का? आणि डिपॉझिटला असा हात लावता येतो का? बहीण म्हणते पत्रे आधीपासून हलत होते, वारा आला की खडखडायचे.

टकाटक_मन्या:
अरेरे. आधी हे सांगा, माणसं सुखरूप आहेत ना? आणि भिजलेलं काहीही टाकू नका, भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. गादीला वास येत असेल तर बाहेर ठेवा पण ठेवा. सगळ्याचे फोटो, व्हिडिओ, लॅपटॉपचा सिरीयल नंबर दिसेल असा एक फोटो. बिलं हरवली असतील तर ऑनलाइन खरेदीच्या खात्यात जुन्या ऑर्डर सापडतात.

कोरा_कागद:
यात विचारायचं काय? भाडं घेतो ना तो? मग घर वारापाऊस झेलण्याइतकं धड ठेवायची जबाबदारी त्याचीच. पुढच्या महिन्यापासून भाडं बंद करा, आपोआप पैसे देईल.

निळा_पतंग:
+१ भाडं बंद.

दस्तऐवज:
भाडं बंद करू नका. कृपया. हा सल्ला दर पावसाळ्यात दिला जातो आणि भाडेकरूची चांगली असलेली बाजू त्यानेच बिघडते.

मी दिवाणी कामं बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिला प्रश्न, करार कुठला आहे? भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १०८ लागतं. त्यात वादळाचा उल्लेख चक्क नावानिशी आहे. आग, वादळ, पूर किंवा अशाच आवरता न येणाऱ्या शक्तीने जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा ज्या कामासाठी घेतली त्या कामाला कायमची निकामी झाली, तर भाडेपट्टा रद्द करायचा पर्याय भाडेकरूला आहे. पर्याय त्याचा आहे हे खरं, पण पर्याय वापरायचा म्हणजे जागा सोडायची. राहायचं तिथेच आणि भाडं मात्र द्यायचं नाही, हे त्या कलमात बसत नाही. करार कायद्याचं कलम ५६, म्हणजे करार पार पाडणं अशक्य झालं वगैरे, ते चालू भाडेपट्ट्याला लागत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच सांगून ठेवलंय. एका खिडकीने घर कायमचं निकामी होत नाही, त्यामुळे हा मुद्दा इथे तसाही नाही.

पण ऋतुगंध यांच्या बहिणीचा करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. म्हणजे भाडेपट्टा नाही, नुसता वापराचा परवाना. त्याला इंडियन ईझमेंट्स ॲक्ट १८८२ लागतो. त्यातली कलम ५७ आणि ५८ वाचा. ५७ म्हणतं की परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष जागेत असेल, मालकाला तो माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर मालकाने तो सांगायला हवा. ५८ म्हणतं की जागा धोकादायक होईल असं मालकाने काही करायचं नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नुसतं वादळ आलं आणि नुकसान झालं, तर कोणीच कोणाला देणं लागत नाही. मालक सावकार असला तरी नाही आणि गरीब असला तरी नाही. देणं तयार होतं ते निष्काळजीपणातून. पत्रे सैल होते हे मालकाला माहीत होतं का, कोणी सांगितलं होतं का, सांगून किती वेळ गेला होता, दुरुस्तीला वेळ मिळाला होता का. हे दाखवता आलं तर नैसर्गिक आपत्तीचा बचाव ढिला पडतो. कारण घट्ट बोल्ट मारलेले शेजारचे पत्रे त्याच वाऱ्यात जागेवर राहिलेले असतात.

म्हणून माझा प्रतिप्रश्न: पत्रे हलतात हे बहिणीने मालकाला कधी सांगितलं होतं का, आणि लेखी काही आहे का?

डिपॉझिटचं: रजिस्टर्ड करारात बहुतेक वेळा "नेहमीची झीज आणि नैसर्गिक आपत्ती वगळून" जागा होती तशी परत द्यावी असं वाक्य असतं. ते शोधा. ते असेल तर वादळाच्या ओलीचे पैसे कापता येत नाहीत. भाडेपट्ट्यात तर कलम १०८ मध्येच ते लिहिलंय.

ऋतुगंध:
खूप धन्यवाद दस्तऐवज. करार रजिस्टर्ड आहे, तिला काढून बघायला सांगते. लेखीचं विचारते.

कोरा_कागद:
@दस्तऐवज, भाडं बंदचा मुद्दा मागे घेतो. पण दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून वळती करता येते असं ऐकलंय, तेही चूक का?

दस्तऐवज:
ते बरोबर आहे, पण कोणासाठी ते महत्त्वाचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ मध्ये मालकाने जागा राहण्याजोगी ठेवायची असं आहे. निदान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे कलम भाडेकरूसाठी. लिव्ह अँड लायसन्सवाल्याने त्यावर विसंबू नये, मालकाची लेखी संमती घेऊन मगच वळतं करावं. आणि दोन्हीकडे हे जागेच्या दुरुस्तीपुरतं आहे, सामानाची भरपाई यातून वळती होत नाही.

गच्चीवाली:
आमचं थोडं वेगळं पण याच जातीचं. आम्ही सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. वादळी पावसात गच्चीतून पाणी उतरलं, सिलिंगचं प्लास्टर सोफ्यावर. मालक म्हणाले सोसायटीला विचारा, सोसायटी म्हणाली तुम्ही सभासद नाही तुमच्याशी बोलणार नाही. शेवटी मालकांनाच अर्ज करायला लावला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नियमावलीत, स्पष्ट आहे की गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं सिलिंग आणि प्लास्टर खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. ते त्यांनी केलं, बऱ्याच हेलपाट्यांनंतर. सोफ्याचं मात्र कोणीच काही दिलं नाही. सोसायटीचा विमा इमारतीचा, मालकाचा विमा फ्लॅटचा, मधे आम्ही आणि आमचा सोफा.

बिनधास्त_बंडू:
त्या सोफ्याला पण सभासद करून घ्यायला हवं होतं 😀

गच्चीवाली:
हाहा, शेअर सर्टिफिकेट सोफ्याच्या नावाने!

आढावेकाका:
बराच काळ विमा कंपन्यांसाठी सर्वेअर म्हणून, म्हणजे नुकसानीची तपासणी करणारा म्हणून काम केलंय, आता निवृत्त आहे. पहिल्या प्रश्नाचं नीट उत्तर अजून कोणी दिलं नाही म्हणून लिहितो.

मालकाच्या विम्यातून भाडेकरूच्या सामानाचं काही मिळत नाही. कारण सोपं आहे, विमा वस्तूचा असतो आणि ती वस्तू विमाधारकाची असावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्या "भारत गृह रक्षा" ही एकाच नमुन्याची घरविमा पॉलिसी देतात. वादळ, चक्रीवादळ, पूर, पाणी साचणं हे सगळं तिच्यात मुळातच धरलेलं आहे, वेगळं मागावं लागत नाही. मालकाने इमारत आणि सामान दोन्हीची पॉलिसी घेतली तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. इथेच लोकांची गफलत होते. त्यांना वाटतं घरातल्या सगळ्याच सामानाला ते लागू. नाही. मालकाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या सामानाला. फर्निश्ड घर दिलं असेल तर मालकाचा पलंग, मालकाचं कपाट यात येईल, त्या कपाटातले तुमचे कपडे येणार नाहीत.

पण याच पॉलिसीत नुसत्या सामानाचा विमा घेता येतो, इमारतीशिवाय. म्हणजे भाडेकरूलाही घेता येतो. हे फार थोड्यांना माहीत आहे आणि एजंट आपणहून सांगत नाहीत, कारण हप्ता लहान आणि कमिशन त्याहून लहान. मी आयुष्यभर वादळानंतरची घरं बघत फिरलो. घर मालकाचं असायचं, त्याची तपासणी चालू असायची आणि दारात भाडेकरू उभा असायचा, साहेब आमचं पण लिहा ना. काय लिहिणार? ते दृश्य वाईट असतं हो. म्हणून मनापासून सांगतो, भाड्याने राहत असाल तर सामानाची पॉलिसी स्वतःच्या नावाने घ्या.

दोन-तीन बारकावे. दागिने आणि किमती कलावस्तू मूल्य आधी ठरवून वेगळ्या घालाव्या लागतात. रोख रक्कम, गाडी यात नाही. शिलाई मशीन धंद्यासाठी वापरता हे अर्जात सांगा आणि ते धरलंय की नाही हे कंपनीकडून लेखी घ्या, नाहीतर घरगुती सामान नाही म्हणून नेमकं तेच बाजूला काढतात.

आणि सर्वेअर आल्यावर तो काय शोधतो तेही सांगून ठेवतो. पाणी आत कसं आलं, हा त्याचा पहिला प्रश्न. वादळाने खिडकी फोडली, पत्रा उडाला आणि त्या वाटेने पाऊस आला, तर क्लेम सरळ. पण भिंतीवर जुने पिवळे डाग असतील, बुरशी असेल, तर तो म्हणणार ही वर्षानुवर्षांची झिरप आहे, हे वादळ नाही. हळूहळू होणारी झीज आणि झिरप विम्यात येत नाही. म्हणून फुटलेल्या काचेचे, वाकलेल्या चौकटीचे, पडलेल्या पत्र्याचे फोटो गादीच्या फोटोपेक्षाही महत्त्वाचे. त्या दिवशीच्या वाऱ्यापावसाची हवामान खात्याची नोंदही कंपन्या मागतात. स्थानिक बातमीचं कात्रण जोडलेलं बरं पडतं.

रमा_तळवलकरांची_लेक:
आढावेकाका, किती छान समजावलंत. एक शंका, वादळाला नाव नसेल तर? म्हणजे नुसता वळवाचा जोराचा वारा असेल तर कंपनी म्हणेल ना की हे चक्रीवादळ नाही.

आढावेकाका:
नाव लागत नाही. हवामान खातं वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ म्हणतं, पण पॉलिसीत चक्रीवादळाबरोबर साधं वादळही वेगळं लिहिलेलं आहे. वळवाच्या वाऱ्याने झाड पाडलं तरी ते वादळच. कोणी नाही म्हणालं तर पॉलिसीतली यादी काढून त्याच्यापुढे ठेवा.

वाडावासी:
मी घरमालक आहे, म्हणून जरा दुसरी बाजू. इथे वाचून असं वाटतं की मालक म्हणजे पैसे दाबून बसलेला माणूस. माझं एक घर भाड्याने आहे, त्याच्यावर कर्ज आहे, आणि वादळात माझंही छप्पर गेलं. विमा बँकेने करायला लावला होता तो कर्जापुरता, त्यातूनही सगळं आलं नाही. भाडेकरूचा टीव्ही गेला, मला वाईट वाटलं, मी त्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. पण टीव्ही मी भरून द्यावा हे मला पटत नाही. त्याचा टीव्ही कितीचा, त्याने तो खिडकीखाली ठेवला की आतल्या खोलीत, हे मी ठरवत नाही. मग त्याची जोखीम माझ्यावर का?

कोरा_कागद:
तुम्ही भाडं सोडलंत हे चांगलंच केलंत. पण पत्रे खिळखिळे ठेवून वरचा मजला भाड्याने देणारा आणि तुम्ही एक नाही ना.

वाडावासी:
तेच म्हणतोय मी. खिळखिळे होते हे कळवलं असेल आणि तरी केलं नसेल तर माझी सहानुभूती भाडेकरूला. न कळवता नंतर सांगत असतील तर नाही.

दस्तऐवज:
वाडावासी यांनी अगदी कायद्याची रेघ ओढली आहे. टीव्हीची जोखीम टीव्हीवाल्याची, पत्र्याची जोखीम पत्रेवाल्याची, आणि पत्रा टीव्हीवर पडला तर बघायचं की पत्रा पडणार हे कोणाला माहीत होतं.

मीठभाकर:
आमच्या दुकानाची गोष्ट लिहिते. निसर्ग वादळ आलं, ३ जून २०२०, रायगड किनाऱ्यावर. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. सासऱ्यांचं स्टेशनरीचं दुकान भाड्याच्या गाळ्यात. छप्पर उडालं आणि कागदाच्या मालावर पाऊस, काय उरणार. विमा होता, दुकानाचा, आपल्याच नावाने, म्हणून आम्ही निवांत होतो. पण पॉलिसीवर जुन्या गाळ्याचा पत्ता! दुकान हललं होतं आणि पत्ता कोणी बदलला नव्हता. कंपनी म्हणाली या पत्त्यावरच्या मालाचा विमाच नाही. खूप भांडलो, काही उपयोग झाला नाही. भाड्याच्या जागेत धंदा असणाऱ्यांनो, जागा बदलली की त्याच दिवशी पॉलिसीवर पत्ता बदलून घ्या.

आढावेकाका:
मीठभाकर ताई, ही अगदी नेहमीची आणि फार दुखणारी गोष्ट. दुकानदारांसाठी अजून एक सांगतो. आता छोट्या धंद्यांना "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" आहे, एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर. त्यात विमा कमी रकमेचा काढला असेल तर १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ, त्याच्या पुढे क्लेम त्या प्रमाणात कापतात. म्हणजे माल १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचा असेल, आणि २ लाखांचा माल भिजला, तर २ लाख मिळतील असं समजू नका, साधारण निम्मेच हातात येतील. हंगामात माल वाढतो तेव्हा विमा वाढवायला लोक विसरतात, आणि वादळं नेमकी शाळा सुरू होण्याच्या तोंडावर येतात.

मीठभाकर:
हो, जून म्हणजे वह्यापुस्तकांनी दुकान गच्च. अगदी तेच झालं.

फटफटी:
अवांतर विचारतो, भाड्याच्या घराच्या आवारात गाडी उभी होती, आवारातलं झाड पडलं वाऱ्याने. मालकाचं झाड. टप चेपला. कोण देणार?

टकाटक_मन्या:
गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर तोच देतो, वादळ त्यात धरलेलं असतं. नुसता थर्ड पार्टी असेल तर काही नाही.

दस्तऐवज:
आणि तो नसेल तर पुन्हा तेच, झाड वाळलेलं होतं का, झुकलं होतं का, सांगितलं होतं का. शहरात झाड छाटायलाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या कायद्याने. म्हणून मालकाने परवानगीसाठी अर्ज तरी केला होता का हे बघतात. अर्ज केला आणि पालिकेनेच वेळ लावला तर गोष्ट वेगळी होते.

फटफटी:
हिरवंगार झाड होतं हो, आंब्याचं. जाऊ दे, विम्यातूनच करतो.

ऋतुगंध:
मंडळी, सापडलं!! बहिणीने व्हॉट्सॲपवर मागे जाऊन शोधलं. उन्हाळ्यात, पावसाच्या बऱ्याच आधी, तिने मालकांना पत्र्यांचा व्हिडिओ पाठवला होता, खडखड आवाज ऐकू येतोय त्यात, आणि लिहिलंय "काका वारा आला की पत्रे उचलले जातात, भीती वाटते, बघता का". मालकांचं उत्तर, "हो, फॅब्रिकेटरला सांगतो पावसाच्या आधी". नंतर तिने एकदा आठवणही केली होती, त्याला फक्त अंगठा आलाय 👍. करारात "नैसर्गिक आपत्ती वगळून" हे वाक्यही आहे. आता काय करावं? तिला कोर्टकचेरी नकोय, एकाच घरात वरखाली राहायचंय.

कोरा_कागद:
वा! तो अंगठाच साक्षीदार झाला.

दस्तऐवज:
हे फार चांगलं आहे. "सांगतो पावसाच्या आधी" म्हणजे मालकाला माहीत होतं, करणं जरूर आहे हेही मान्य होतं, आणि वेळही होता. मात्र त्यांची बाजूही ऐकून ठेवा. ते म्हणतील की दोष तुलाही माहीत होता, म्हणजे कलम ५७ लागत नाही. ते म्हणणं बरोबर ठरेल. त्यामुळे आपला जोर ५७ वर नको, साध्या निष्काळजीपणावर हवा. शेड त्यांच्या ताब्यात, दुरुस्ती त्यांच्या हातात, आश्वासन त्यांचं. दुसरं ते म्हणतील की माहीत होतं तर सामान खिडकीपासून हलवायचं होतं. याला थोडा अर्थ आहे, त्यामुळे शंभर टक्के मिळेल असं धरून चालू नका.

चॅट डिलीट होऊ देऊ नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ ब म्हणायचे ते. वेळ आली तर मूळ फोन जवळ असलेला बरा.

पण आधी पत्र लिहायचं. नोटीस नाही, पत्र. दोन परिच्छेद पुरतात. कुठल्या महिन्यात काय कळवलं, त्यांनी काय उत्तर दिलं, वादळात काय झालं, वस्तूंची यादी आणि प्रत्येकीची दुरुस्तीची किंवा आजच्या वापरलेल्या वस्तूची किंमत. नव्याची नाही, वापरलेल्याची. लॅपटॉप जुना असेल तर नव्याचे पैसे मागितले की समोरचा बाकीच्या यादीवरही विश्वास ठेवत नाही. भिंतीच्या रंगाचं एक वाक्य वेगळं, करारातल्या कलमाचा हवाला देऊन.

त्यातूनही जमलं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करायच्या आधीच समझोत्यासाठी अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलेला उत्पन्न न बघता मोफत विधी साहाय्य मिळतं. अर्ज बहिणीच्या नावाने करा.

निळा_पतंग:
ग्राहक मंचात नाही जाता येणार का?

दस्तऐवज:
मालकाविरुद्ध नाही, साधं घर भाड्याने देणं ही त्या कायद्यातली सेवा होत नाही. विमा कंपनीविरुद्ध मात्र जाता येतं. आणि त्याच्या आधी विमा लोकपाल आहेत, मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही की लोकपालांकडे, वर्षाच्या आत. मीठभाकर, तुमच्यासारख्या प्रकरणात पत्ता बदलल्याचं एजंटला कळवल्याचा काही पुरावा असता तर तिथे काही झालं असतं.

मीठभाकर:
तोंडी सांगितलं होतं म्हणतात सासरे. तोंडी.

झुळूक:
मी पीजीत राहते, एका खोलीत तिघी. आम्हाला असा विमा घेता येतो का? मालकीणबाई करारच करत नाहीत.

आढावेकाका:
सामान तुमचं आहे आणि पत्ता आहे, म्हणजे अर्ज करता येतो. फक्त कंपनीला सांगा की खोली सामायिक आहे आणि फक्त माझ्या वस्तू. त्यातल्या लॅपटॉपसारख्या एकाच वस्तूची काळजी असेल तर त्या वस्तूपुरता इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा विमा विचारून बघा.

दस्तऐवज:
झुळूक, कराराचा आग्रह धराच. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्ड करायची जबाबदारी मालकावर आहे. तो नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकीणबाईंना शांतपणे सांगा, करार होईल.

झुळूक:
अरे हे भारीच. सांगते. धन्यवाद दोघांना.

वाडावासी:
वर मी जे लिहिलं त्यात भर. हा धागा वाचून आमच्या भाडेकरूशी बोललो. त्याने नुसत्या सामानाची पॉलिसी काढायची आणि मी दर वर्षी मे महिन्यात छप्पर, खिडक्या, टाकीचं झाकण बघून त्याला फोटो पाठवायचे, असं ठरलंय. त्याच्यासमोरच मिस्त्रीला फोन केला.

आढावेकाका:
उत्तम. पॉलिसी काढल्यावर त्याला एक सांगा. उद्या नुकसान झालं आणि कंपनीने त्याला पैसे दिले, तर ज्याच्या चुकीने झालं त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडे जातो. म्हणजे भांडण कंपनीचं होतं, भाडेकरूचं राहत नाही. पण त्याने आधीच कोणाला "माझी काही तक्रार नाही" असं लिहून दिलं असेल तर कंपनी त्याचा क्लेम अडवू शकते. तुम्हीही तसं लिहून मागू नका.

ऋतुगंध:
पत्र दिलं. बहिणीने ते हातात दिलं आणि व्हॉट्सॲपवरही पाठवलं. मालक दोन दिवस बोलले नाहीत, मग काकू वर आल्या, म्हणाल्या यांना तो व्हिडिओ आठवला आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये त्यांना. रंगाचे पैसे कापणार नाहीत हे लगेच मान्य केलं. शिलाई मशीन स्वतः दुरुस्तीला नेऊन दिलं, मोटर बदलली, चालू झालं. गादी आणि कपड्यांचे पैसे देतो म्हणालेत. लॅपटॉपवर अडलंय, ते म्हणतात तो टेबलावर उघडा होता, बंद करून कपाटात असता तर वाचला असता. नवरा म्हणतो निम्मे दिले तरी चालतील. उद्या बसून कागद करणार आहेत. त्यात काय असावं?

दस्तऐवज:
निम्मे रास्त आहे, मी तेच सुचवलं असतं. कागदात वस्तूनिहाय रक्कम, कधी आणि कशी देणार, आणि रंगाचे पैसे कापणार नाहीत हे स्पष्ट. शेडचे पत्रे कोणत्या तारखेपर्यंत नीट बसवणार हेही त्यातच घाला, कारण पावसाळा अजून संपलेला नाही. "सर्व हिशेब पूर्ण, यापुढे कोणतीही मागणी नाही" असं वाक्य मालक घालतील, ते रास्त आहे, पण त्याच्या आधी "या वादळात झालेल्या खाली लिहिलेल्या वस्तूंच्या नुकसानीपुरतं" हे शब्द हवेत. आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय त्यावर सही नको.

ऋतुगंध:
तारखेचं सुचलंच नसतं. आजच मसुदा करते आणि इथे टाकते, नावं काढून. बघाल ना एकदा?

दस्तऐवज:
टाका, रात्री बघतो.